चालत्या माणसाचा कॉल

मिलिंदमामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी सातपूरच्या एका छोट्या छापखान्यात उभी होते आणि यंत्रातून त्यांचंच नाव बाहेर पडत होतं. अर्ध्या पानाचं पत्रक. वर ठळक अक्षरांत 'मिलिंदसरांना यात्रेच्या कामावर परत घ्या', खाली मागण्या, त्याखाली आमच्या रुग्ण हक्क गटाचं नाव. शाई अजून ओली होती. मामीचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, "प्रज्ञा, तुझे मामा बुटाची लेस बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत गं... डॉक्टर आत्ता बघून गेले." मी विचारलं, कुठे निघाले होते? मूर्ख प्रश्न, पण तोच तोंडात आला. "वणीला. खांबांवरच्या पेट्या लावल्या का ते बघायला." छापखान्याचे मालक माझ्याकडे बघत होते. "ताई, उरलेली काढू का?" मी नको म्हटलं. ज्यांच्याकडे मागणी करायची ते आपापल्या खुर्चीत शाबूत होते. ज्याला परत घ्यायचं तो माणूस राहिला नव्हता.

आता वणीच्या देवीची चैत्रातली यात्रा होऊन गेली, म्हणून लिहायला बसले आहे. यात्रेआधी एक अक्षर छापणार नाही, असं मी एका माणसाला कबूल केलं होतं. कंपनीचं नाव या लेखात नाही, कारण ते छापणार नाही असं संपादकांनी आधीच सांगितलं. मी भांडले, हरले. पण कंपनीचं नाव नसल्याने फारसं बिघडत नाही. जे घडलं ते कुठल्याही कंपनीत घडलं असतं, आणि तीच तर चिडण्यासारखी गोष्ट आहे.

मिलिंदमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. सातपूरच्या कॉलनीत वाढले. आजोबा कारखान्यात पाळीवर, घरात पाच माणसं, अभ्यासाला जागा म्हणजे जिन्याची पायरी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मामा मोबाइलच्या धंद्यात शिरले ते टॉवरवर चढून अँटेना बांधणारे म्हणून. नंतर बरीच वर्षं कंपनीच्या गाडीत पुढच्या काचेखाली चार फोन लावून जिल्हाभर फिरले. गाडी चालू, चारही फोन चालू, आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर नोंद, की कुठे रेंज पडते, कुठे कॉल तुटतो. याला त्यांच्यात ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. गुडघे कुरकुरायला लागले तसे ते ऑफिसात पडद्यासमोर बसू लागले, आणि तिथे त्यांना त्यांचं खरं काम सापडलं. मी एकदा विचारलं होतं, की मामा, तुम्ही नक्की करता काय? ते म्हणाले, "पूर्वी प्रत्येक टॉवर आपल्यापुरता शहाणा होता. माझ्या हद्दीतला फोन मी सांभाळतो, हद्द संपली की शेजारच्याच्या गळ्यात. आता सगळ्या टॉवरांच्या डोक्यावर एक प्रोग्राम बसलाय. कोणता फोन कोणी धरायचा, कोणाला लहरींचा किती वाटा द्यायचा, फोन पुढे सरकला की कोणाच्या हातात सोपवायचा, सगळं तो एकटा ठरवतो. तुझ्या आजोबांच्या कारखान्यात आधी प्रत्येक मुकादम आपली माणसं लावायचा, मग सगळ्यांच्या पाळ्या लावणारं टाइम ऑफिस आलं. तसं." मी म्हटलं, आणि टाइम ऑफिसला कोण सांगतं? "आम्ही. नियम आम्ही लिहून देतो." हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. वणी-दिंडोरी पट्ट्यातले बरेच नियम त्यांनी लिहिलेले होते. चालत्या माणसाचा कॉल तुटू नये, हा त्यांचा विषय. घरबसल्या बोलणाऱ्यांची काळजी करायला पुष्कळ लोक आहेत, असं म्हणायचे.

गेल्या नवरात्रातल्या यात्रेत वणीच्या वाटेवर एक रुग्णवाहिका गर्दीत सापडली. आत सुरगाण्याकडून द्राक्षाच्या छाटणीला आलेली एक बाई होती. तिचं नाव लिहीत नाही, तिने नको म्हटलंय. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवं होतं. सोबतची नर्स नवी होती. नाशिकच्या डॉक्टर तिला फोनवरून एकेक गोष्ट सांगत होत्या. फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. नाशिकला पोचेपर्यंत असं कितीदा झालं याची मोजदाद नर्सला ठेवता आली नाही. बाई वाचली. बाळ गेलं. रुग्णवाहिकेचे चालक संतूभाऊ आमच्या दिंडोरीचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी हे मला सांगितलं आणि मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता: 'टॉवर नाही म्हणून बाळ गेलं'. असं पत्रक लिहायला मला अर्धा तास पुरतो. गटात माझी ख्यातीच ती आहे.

मामांनी ते पत्रक आमच्या ओट्याशी उभं राहून वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "टॉवर नाही असं कोणी सांगितलं तुला? त्या रस्त्यावर यात्रेपुरत्या खांबाखांबांवर पेट्या लावतो आम्ही. छोटे टॉवरच ते. वर डोंगरावर मोठा आहे तो वेगळा." मी म्हटलं, मग कॉल का तुटला? "माहीत नाही." आणि बाळ? "तेही माहीत नाही. तुलाही माहीत नाही. कॉल तुटला हे खरं. बाळ गेलं हे खरं. एकामुळे दुसरं झालं हे डॉक्टर सांगतील, तू नाही." माझं डोकं फिरलं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "मामा, तुम्ही शेवटी कंपनीचेच." ते शांतपणे म्हणाले, "हो. म्हणून तर मला आतल्या नोंदी बघता येतात, पत्रकवाल्या बाई. संतूभाऊंना बोलाव."

संतूभाऊ आले. मामांनी त्यांना एकच गोष्ट तीन-तीनदा विचारली. फोन गर्दीत असताना तुटला की गर्दीतून सुटल्यावर? संतूभाऊ वैतागले. "सायेब, किती डाव सांगू? गर्दीत गाडी मुंगीवानी चालली व्हती, तवर फोन लय झ्याक. गर्दी फुटली, मी गाडी दामटली, का गेला. म्होरं पुन्हा गर्दी, पुन्हा लागला. पुन्हा दामटली, पुन्हा गेला." मामांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आजही दिसतं. त्यांना उलटं उत्तर हवं होतं. गर्दीत कॉल तुटणं त्यांना समजलं असतं. मोकळ्या रस्त्यावर तुटायला नको होता. पुढ्यातला चहा तसाच ठेवून ते नाशिकची बस पकडायला गेले.

आठेक दिवसांनी ते पुन्हा आले, न कळवता. आईने पाणी दिलं, ते हातातच राहिलं. म्हणाले, "नियम माझा आहे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. हळू चालणारा फोन जवळच्या छोट्या पेटीकडे द्यायचा आणि वेगाने जाणारा डोंगरावरच्या मोठ्या टॉवरकडे, असा तो नियम होता. नियम चांगला होता. वेगातला फोन छोट्या पेट्यांवर ठेवला तर मिनिटाला दहा वेळा हात बदलावे लागतात, आणि हात बदलतानाच कॉल निसटतात. पण फोनचा वेग प्रोग्रामला कळतो तो त्याने मागच्या काही मिनिटांत किती हात बदलले त्यावरून. रुग्णवाहिका गर्दीत अर्धा तास रांगली. प्रोग्रामने तिला पायी चालणारी यात्रेकरू समजून छोट्या पेटीकडे दिलं. रस्ता मोकळा झाला, संतूभाऊंनी गाडी पळवली. पण ती आता गाडी आहे हे प्रोग्रामला उमगेपर्यंत ती चार पेट्या ओलांडून गेली. प्रत्येक नव्या पेटीच्या दारात तिचा कॉल उभा राहिला, आणि प्रत्येक पेटी यात्रेकरूंच्या फोनांनी खचाखच भरलेली. जागा नाही. कॉल खाली पडला. "मोठ्या टॉवरवर जागा होती," मामा म्हणाले. "बरीच होती. मी मुद्दाम वेगातल्यांसाठी मोकळा ठेवला होता तो."

मी विचारलं, हे आधी कसं नाही कळलं? टेस्ट घेता ना तुम्ही? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला राग आवरेना, अजूनही आवरत नाही. या धंद्यात यात्रेच्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, मोठ्या लग्नतिथीला टेस्ट घेत नाहीत. आकडे बिघडतात. बिघडलेले आकडे वर पाठवले की अहवाल परत येतो, 'साध्या दिवशी पुन्हा घ्या' असा शेरा मारून. म्हणून सगळे टेस्टवाले पंचांग बघून निघतात, रिकामा दिवस धरतात, रिकाम्या रस्त्यावरून एका लयीत गाडी हाकतात, आणि सगळं हिरवं आलं की घरी जातात. मी म्हटलं, म्हणजे ज्या दिवशी रस्त्यावर माणसं असतात त्या दिवशी मोजायचंच नाही? मामा खाली बघत म्हणाले, "मी वीस वर्षं असंच केलं. नव्या मुलांना शिकवलंही असंच." त्यांनी कोणावर ढकललं नाही. मला ढकलायला हवं होतं कोणावर तरी. साहेबावर, कंपनीवर, सरकारवर. समोर माझा मामाच बसला होता.

त्यानंतर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बाजाराच्या दिवशी टेस्ट घेतली. कंपनीची गाडी मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं; म्हणून संतूभाऊंच्या मेहुण्याची पिकअप घेतली, बागांवर मजूर नेणारी. मागे दहा-बारा बायका, मध्ये मामा मांडी घालून, पुढ्यात चार फोन आणि लॅपटॉप, शेजारी मी. एक मावशी बराच वेळ बघत होती. म्हणाली, "भाऊ, चार फोन अन् एकबी उचलीत नाय. बायको भांडली का काय?" मामा म्हणाले, "भांडेल म्हणूनच चारही चालू ठेवलेत, मावशी." बायका हसल्या. मामाही हसले, पण डोळे पडद्यावर. वणीत बारा महिने असतात अशा काही पेट्या रस्त्याकडेच्या खांबांवर आहेत. बाजाराची गर्दी, गाडी इंच-इंच सरकत होती आणि पडद्यावरची रेघ सरळ होती. मग बाजार मागे पडला, मेहुण्याने वेग घेतला. मामा पुटपुटत होते, "पहिली पेटी, घेतला. दुसरी, घेतला. तिसरी..." रेघ खाली पडली. "तुटला." परत मागे वळलो, परत गर्दीत रांगलो, परत वेग. तिसऱ्या खांबाशी पुन्हा. तीन फेऱ्या केल्या. बायका कामाला उशीर होतो म्हणून कुरकुरू लागल्या तेव्हा त्यांना बागेवर सोडलं. मला वाटलं होतं मामांना निदान बरं वाटेल. जे शोधत होते ते सापडलं होतं. ते म्हणाले, "नऊ वर्षं आहे हा नियम. प्रत्येक यात्रेत होता."

उपाय त्यांनी आठवड्यात काढला. प्रत्येक पेटीत थोडीशी जागा कायम मोकळी ठेवायची, दुसऱ्या पेटीकडून चालू असलेला कॉल घेऊन येणाऱ्यांसाठी. नव्याने फोन लावणाऱ्याला ती मिळणार नाही. "व्हिडिओ बघणाऱ्याला दोन सेकंद गोल फिरताना दिसेल," ते म्हणाले. "पण गाडीतल्याचं बोलणं चालू राहील." यात नवं काही नाही, आमच्या पुस्तकांत हे जुनंच आहे, असंही त्यांनी आवर्जून सांगितलं. स्वतःकडे मोठेपणा घ्यायची त्यांना ॲलर्जी होती. ऑफिसच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं. मांडून झालं तेव्हा शेजारच्या टेबलावरचे सहकारी, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणाले, "मिलिंदसर, तुम्ही फिरून फिरून राखीव जागांवरच येता." सगळे हसले. साहेबही. हे मामा मला सांगत होते तेव्हा शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होते. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? इस्त्री तशीच फिरत राहिली. "मीही हसलो." आमच्या घरांतल्या किती माणसांनी किती ऑफिसांत असं हसून घेतलंय, याची नोंद कुठल्याच पडद्यावर नाही. साहेबांचं म्हणणं होतं, की मोकळी ठेवलेली जागा महिन्याच्या तक्त्यात वाया गेलेली दिसते, आणि वर व्हिडिओच्या तक्रारी वाढतात. यात्रा होऊ दे, मग बघू. यात्रेसाठीच हवं होतं ते, आणि यात्रेनंतर बघू.

पुढचं लिहायला हात जड होतो, पण लिहिते. बाजाराच्या दिवशीची आकृती, ती तीनदा पडलेली रेघ, मामांनी मला समजावी म्हणून फोनवर पाठवली होती. खाली लिहिलं होतं, 'छापायला नाही'. मी छापली. 'कंपनीला माहीत होतं' असा मथळा देऊन दिंडोरीपासून नाशिकपर्यंत वाटली. कंपनीचं नाव कापलं, फोनचे नंबर कापले, मोठ्या हुशारीने सगळं झाकलं. आकृतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ऑफिसच्या संगणकात शिरताना वापरायचं त्यांच्या खात्याचं नाव उमटलेलं होतं. ते मी पाहिलं नाही. ऑफिसात ते पाहायला कोणाला एक मिनिटही लागलं नसेल. मामांना लेखी खुलासा मागितला, पासवर्ड बंद केला, चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. आणि हे मला नंतर मामीकडून कळलं, की त्याच आठवड्यात साहेब निदान दोन पेट्यांवर करून बघायला कबूल झाले होते. मामांनी चार महिने मागे लागून तेवढं मिळवलं होतं.

मी सातपूरला गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते. मामांनी दार उघडलं, बस म्हणाले, आणि पत्रक समोर ठेवलं. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "आकृतीची खालची बाजू कापलीस. तिथे वेळ असते. वेळेशिवाय त्या रेघेला काही अर्थ नाही." मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "यात्रेला किती दिवस राहिले?" मी सांगितलं, महिना जेमतेम. "मग पुसा डोळे. लिहा."

लॅपटॉप कंपनीने नेला होता. त्यांनी तोंडी सांगितलं, मी कागदावर उतरवलं. कोणत्या पेटीत किती जागा मोकळी, किती वेळ, गर्दी ओसरली की कशी कमी करायची, चुकलं तर कोणतं बटण दाबून आधीसारखं करायचं. शेवटचं त्यांनी दोनदा लिहायला लावलं. मी मध्येच माझे शब्द घुसडत होते. "'निर्दयी' काढ," ते म्हणाले. "'तातडीने' राहू दे, ते बरोबर आहे." एक पान झालं. मी म्हटलं, कोणाला द्यायचं? त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं नाव घेतलं. मी थक्क झाले. ज्याने तुमची टिंगल केली त्याला? "पासवर्ड त्याच्याकडे आहे," मामा म्हणाले. "आणि काम चोख आहे त्याचं. तू मैत्री करायला चालली नाहीस." कंपनीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर मी ते पान दिलं. त्या गृहस्थांनी न वाचता घडी घालून खिशात टाकलं. "तुमच्यामुळे झालंय हे सगळं, माहिती आहे ना?" एवढंच म्हणाले. बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

नंतरचे दिवस नुसते ताणात गेले. त्या गृहस्थांचा निरोप नाही. मामा रोज सकाळी विचारायचे, काही कळलं? मी नाही म्हणायचे. छातीत जड वाटतं असं मामीला म्हणाले होते एकदा. दाखवून येऊ म्हटल्यावर यात्रेनंतर म्हणाले. साहेब म्हणाले यात्रेनंतर, आणि मामाही म्हणाले यात्रेनंतर. शेवटी मी ठरवलं, की आता पुन्हा पत्रक, यावेळी त्यांना न विचारता. ते छापायला मी त्या सकाळी उभी होते. ते वणीच्या खांबांकडे निघाले होते. यात्रेला अकरा दिवस होते.

जलदान विधीला सगळी कॉलनी आली. वंदना झाली, लोक पांगायला लागले तेव्हा दाराबाहेर चपलांच्या ढिगाशी ते सहकारी उभे दिसले. किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. मी बाहेर गेले. ते हळू आवाजात म्हणाले, "घातलंय. वणी ते नांदुरी, सगळ्या पेट्यांवर. पानावर होतं तसंच." साहेब? "सही आहे त्यांची. नियमापुढे नाव माझं आहे. बिघडलं तर मी जाईन. यात्रा होईपर्यंत पत्रक काढू नका, एवढं करा." मी कबूल केलं. पण मला गप्प बसवेना. विचारलं, आणि बैठकीत जे बोललात ते? त्यांनी नजर चपलांवर ठेवली. "सरांनी सांगितलं असेल असं वाटलंच होतं मला." माफी त्यांनी मागितली नाही. मीही देऊ केली नाही. ते आत गेले, फोटोपुढे फूल ठेवलं, आणि मामीला नमस्कार करून निघून गेले. यात्रेनंतर त्यांचा फोन आला, आता लिहा, माझं नाव नको, आणि त्या बाळाबद्दल सर म्हणायचे तेवढंच लिहा. तेवढंच लिहिलं आहे.

यात्रेच्या दिवशी मी वणीत होते. पाणी वाटायचं निमित्त, कान रस्त्याकडे. ऊन तापलेलं, खानदेशातून पायी आलेली माणसं झेंडे घेऊन चाललेली, प्रत्येकाच्या हातात फोन. दुपारी संतूभाऊंची गाडी गर्दीत रांगत माझ्यासमोरून गेली. आत पायी आलेले एक म्हातारे बाबा होते, छातीत दुखत असलेले, आणि नर्सच्या कानाला फोन होता. तीच नर्स. गाडी गर्दीबाहेर पडून दिसेनाशी झाली आणि मी खांबाला टेकून उभी राहिले. संतूभाऊ चार तासांनी परत आले. गाडीतून उतरले नाहीत, काचेतूनच बोलले. "नाय तुटला, तायडे. नांदुरीपास्नं डाक्टरीनबाई बोलत व्हत्या त्या पार नाशकापर्यंत बोलत व्हत्या. एकडावबी नाय." आणि बाबा? "हायेत. खाटंवर बसून चहा मागत्यात." कॉलमुळे ते वाचले असं मी म्हणत नाही. ते डॉक्टर सांगतील.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये मागे बसून मी मामीला फोन लावला. संतूभाऊ जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. तिच्या मागून आवाज येत होते. आधी रस्त्यावरच्या रिक्षांचा, मग शिट्टी देणाऱ्या कुकरचा, मग पुन्हा रिक्षांचा. मला कळलं ती चालतेय. घरात मामा कधी बसून फोनवर बोलले नाहीत. फोन वाजला की उठायचे, गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत, बोलणं संपेपर्यंत. कुकरपाशी आले की मामी पदराने त्यांना बाजूला सारायची, फरशी झिजवाल म्हणायची. मी म्हटलं, "मामी, बस ना जरा." "राहू दे गं," ती म्हणाली. "तू गाडीत आहेस ना अजून?" हो म्हटलं. "मग ठेवू नकोस." मी ठेवला नाही. गर्दी मागे पडली, पिकअपने वेग घेतला, खांब एकामागून एक मागे जाऊ लागले. दिंडोरी येईपर्यंत तिच्या चपलांचा आवाज येत राहिला.